तोंडात तीळ न भिजणाऱ्या बायका

‘हिच्या तोंडात तीळ भिजत नाही’ असं जिच्याबद्दल म्हटलं जातं, अशी एक तरी बाई प्रत्येक आळीत, चाळीत आणि सोसायटीत असतेच. कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाकडे मुलगी पाहायला मंडळी येऊन गेली, रेशनवर गहू कधी येणार, उद्या नळाला पाणी आहे की नाही, हे सगळं आधी तिला कळतं आणि मग तिच्याकडून आपल्याला. तिला नावं ठेवायला मात्र आपल्या भाषेत शब्दांचा तोटा नाही. गावभवानी काय, चोंबडी काय, आकाशवाणी काय! हेच काम पुरुष पारावर नाहीतर पानाच्या ठेल्यावर उभे राहून करतात, तेव्हा त्याला ‘चर्चा’ म्हणतात, ते सोडा.

पण मैत्रिणींनो, गंमत ऐका. अर्थशास्त्रातली मोठमोठी मंडळी गेली काही वर्षं नेमक्या याच बाईचा पत्ता शोधत गावोगाव हिंडली. तिची टिंगल करायला नव्हे, तिच्या हातात काम द्यायला. लहान मुलांच्या लशीची बातमी गावात पोचवायची असेल, तर ती कुणाच्या कानात सांगावी? सरपंचाच्या, मास्तरांच्या, की हिच्या? हा प्रश्न त्यांनी मोजमाप करून सोडवला, आणि जे उत्तर आलं ते आपल्यापैकी पुष्कळजणींना मनातून ठाऊक होतंच.

ही मंडळी म्हणजे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, अरुण चंद्रशेखर आणि मॅथ्यू जॅक्सन. त्यांच्या पुढच्या कामात एमिली ब्रेझा, बेंजामिन गोलब असे आणखी काहीजण सामील झाले. पैकी बॅनर्जी आणि डुफ्लो या पतिपत्नींना मायकेल क्रेमर यांच्याबरोबर २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हे तुम्ही वाचलंच असेल. ते पारितोषिक होतं गरिबी हटवण्याचे उपाय प्रत्यक्ष प्रयोग करून तपासण्याच्या त्यांच्या पद्धतीबद्दल. एस्थरबाई हे पारितोषिक मिळवणाऱ्या दुसऱ्याच स्त्री. आणि अभिजित बॅनर्जींची आई निर्मला या माहेरच्या पाटणकर, म्हणजे मराठीच, बरं का! त्या स्वतः अर्थशास्त्राच्या अभ्यासक. असंघटित क्षेत्रात राबणाऱ्या बायकांच्या कामावर त्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. तेव्हा बायकांच्या बोलण्यालाही काही किंमत असते, हे लेकाला घरातच कळलं असावं, असं आपलं मला वाटतं.

वाटीभर तांदूळ आणि रॉकेल

गोष्ट सुरू होते दक्षिण कर्नाटकातल्या ७५ गावांपासून. एका वित्तसंस्थेला या भागातल्या बायकांना छोटी कर्जं द्यायची होती. पाच-पाच बायकांचा गट करायचा, प्रत्येकीला पहिलं कर्ज दहा हजार रुपयांच्या आसपास, आणि ते पन्नास आठवडी हप्त्यांत फेडायचं. एकीचा हप्ता थकला तर जबाबदारी बाकीच्या चौघींवर. बचत गटातल्या भगिनींना यातली ओढाताण वेगळी सांगायला नको.

संस्था गावात शिरण्याच्या आधीच, २००६ च्या सुमारास, संशोधकांची माणसं घरोघर गेली. त्यांनी विचारलेले प्रश्न पाहिले की एखाद्या चौकस आत्याबाईंनीच ते काढले असावेत असं वाटतं. तुमच्या घरी कोण येतं-जातं? तुम्ही कुणाकडे बसायला जाता? तांदूळ किंवा रॉकेल कमी पडलं तर कुणाकडे मागता? तुमच्याकडे मागायला कोण येतं? अडीअडचणीला पैसे कुणाकडून घ्याल? दुखण्याखुपण्यात कुणाचा सल्ला विचारता? देवळात कुणाच्या सोबतीनं जाता? असे डझनभर प्रश्न. या उत्तरांवरून त्यांनी प्रत्येक गावाचा एक नकाशा काढला. त्यात रस्ते नाहीत, विहिरी नाहीत. फक्त घरं, आणि या घरातून त्या घरात गेलेल्या रेषा. वाटीभर तांदूळ जिथून जिथे गेला, तिथे एक रेष!

मग संस्था आली. ७५ पैकी ४३ गावांत तिनं काम सुरू केलं. तिची रीत अशी, की गावात पोचल्यावर आधी शिक्षक, दुकानदार, बचत गटाच्या प्रमुख अशा ठरावीक लोकांना गाठायचं, कर्जाची माहिती द्यायची आणि ‘सगळ्यांना सांगा’ म्हणायचं. सगळीकडे रीत तीच, कर्ज तेच, व्याजही तेच. पण एखाद्या गावात कर्ज घेऊ शकणाऱ्या शंभर घरांतली जेमतेम सात घरं पुढे आली, तर दुसऱ्या गावात शंभरातली चव्वेचाळीस.

एवढा फरक कशानं पडला? ज्यांना पहिल्यांदा सांगितलं, त्यांच्या ओळखी जास्त-कमी असतील, असं आपण पटकन म्हणू. पण नुसत्या ओळखींच्या संख्येनं उलगडा होईना. उलगडा झाला तो त्या ओळखींच्या पुढच्या ओळखी मोजल्यावर. समजा, एका बाईंच्या चाळीस ओळखी आहेत, पण त्या चाळीसजणी एकाच आळीतल्या, रोज एकमेकींना भेटणाऱ्या. बातमी तिथल्या तिथे गोल गोल फिरते आणि शिळी होते. उलट कपडे शिवणारी एखादी असते. तिच्या ओळखी दहाच, पण दहा वेगळ्या आळ्यांतल्या, आणि त्या दहाजणी आपापल्या आळीत बोलक्या. बातमी गावभर होते ती हिच्यामुळे. पहिली माणसं अशी निघाली, तर त्या गावात कर्ज घेणाऱ्या बायका जास्त, असा हिशेब लागला.

हा अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’ या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातल्या आणखी दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटल्या. पहिली ही, की ज्यांनी कर्ज घेतलं त्यांनी ती बातमी कर्ज न घेणाऱ्यांपेक्षा सातपट अधिक सांगितली. यात नवल नाही. पण ज्यांनी स्वतः कर्ज घेतलंच नाही, त्याही गप्प बसल्या नव्हत्या. अशा बायका संख्येनं पुष्कळ, त्यामुळे गावात पसरलेल्या माहितीचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा त्यांच्या तोंडून गेला होता. ‘मला नको गं बाई, पण तू विचारून बघ हो,’ हे वाक्य तुम्हीही कितीदा तरी म्हटलं असेल. त्या वाक्याचं वजन इथे मोजलं गेलं.

दुसरी गोष्ट आपल्या समजुतीला जरा धक्का देणारी आहे. बायका शेजारणीचं पाहून करतात, असं सर्रास बोललं जातं. शेजारणीनं पैठणी घेतली की हिलाही हवी, वगैरे वगैरे. इथे मात्र तसं दिसलं नाही. एकदा बातमी नीट कळली, की शेजारणीनं कर्ज घेतलं की नाही याचा हिच्या निर्णयावर म्हणण्यासारखा परिणाम होत नव्हता. शेजारणीकडून हवी होती ती माहिती. ती मिळाल्यावर विचार जिचा तिनं केला. सगळ्याच बाबतींत असं होत असेल असं मी म्हणणार नाही. कर्ज म्हणजे काही साडी नव्हे. पण पुढच्या वेळी कुणी ‘बायकांचं काय, मेंढरासारख्या एकीमागून एक जातात’ असं म्हणालं, तर हा दाखला हाताशी ठेवा.

कुणाला सांगू? गावालाच विचारा

आता अडचण अशी, की गावाचा असला नकाशा काढायचा तर महिनोन् महिने घरोघर हिंडायला हवं. लशीचा कॅम्प पुढच्या आठवड्यात असेल तर एवढा वेळ कुणाला आहे? म्हणून या मंडळींनी एक सोपी युक्ती तपासून पाहिली. गावातल्या काही लोकांना सरळ विचारायचं: जत्रा आहे, पथनाट्य आहे, सिनेमाचं शूटिंग आहे, असली बातमी गावभर करायची झाली तर कुणाला सांगावी? नावं सांगा.

आणि लोकांनी नावं सांगितली. नकाशाशी ताडून पाहिलं तर ती नेमकी बातमीच्या वाटांवर मधोमध बसलेली माणसं निघाली! मानाची किंवा पदावरची माणसं नव्हेत, नुसती खूप मित्रमंडळ असलेलीही नव्हेत.

गावातल्या साध्या माणसाला हे कसं कळतं? त्याच्याकडे ना नकाशा, ना हिशेबाची वही. संशोधकांनी दिलेलं स्पष्टीकरण मला फार आवडलं. समजा, आपल्या गावात सुमनताई नावाच्या एक बाई आहेत. त्यांच्या सुनेला दिवस गेल्याचं तुम्हाला तिसऱ्या आळीत बसून आठवड्याच्या आत कळतं. त्यांची म्हैस व्यायली, त्या पंढरपूरला जाऊन आल्या, सगळं कळतं. आणि दुसऱ्या एकीच्या घरी बारसं होऊन गेलं तरी तुम्हाला पत्ता नसतो. म्हणजे सुमनताईंच्या दारातून निघालेली बातमी तुमच्यापर्यंत येते, दुसरीच्या दारातली येत नाही. कुणाचं नाव आपल्या कानावर किती वेळा पडतं, याची नोंद आपण न ठरवता ठेवत असतो. प्रश्न आला की तीच नोंद तोंडावर येते. गप्पा ऐकता ऐकता आपण गावाचा नकाशाच पाठ करत असतो म्हणा ना!

नुसतं नाव बरोबर सांगून भागत नाही. त्याचा उपयोग व्हायला हवा. म्हणून दोन मोठे प्रयोग झाले. पहिला कर्नाटकातच, २१३ गावांत. बातमी साधीच: अमुक नंबरवर मिस्ड कॉल द्या, मोबाईल फोन किंवा रोख बक्षीस मिळवण्याची संधी आहे. दुसऱ्याला सांगितल्यानं आपली संधी कमी होणार नाही, अशी सोय मुद्दाम ठेवली होती, नाहीतर कोण कशाला सांगेल? काही गावांत ही बातमी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कुणालाही सांगितली, काही गावांत मान असलेल्या वडीलधाऱ्यांना, आणि काही गावांत गावानं ‘ही बातमी पसरवेल’ म्हणून नाव घेतलेल्यांना. कुणालाही सांगितलं त्या गावांतून सरासरी आठेक फोन आले. गावानं नाव घेतलेल्यांच्या गावांतून बाराच्या घरात. आणि वडीलधाऱ्यांच्या गावांतून? चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांपेक्षा काही जास्त नाही! आबासाहेबांना सांगितलं की ते ‘हं’ म्हणतात, आणि बातमी तिथेच बसून राहते.

दुसरा प्रयोग हरियाणातला, पाचशेहून जास्त गावांतला, आणि तो लुटुपुटीचा नव्हता. तिथे मुलांच्या लशीकरणाचं प्रमाण फार कमी होतं. कॅम्प भरत, पण बायका पोरांना घेऊन येत नसत. आल्या तरी पहिली लस दिली की पुढच्या लशींना फिरकत नसत. पोराला ताप आला, सासू रागावली, मजुरी बुडाली. कारणं तुम्हा-आम्हाला माहीत असलेलीच. तिथेही प्रत्येक गावातून मोजकी माणसं निवडली आणि कॅम्पची आठवण त्यांना फोनवरून पाठवली. काही गावांत माणसं कशीही निवडली, काही गावांत ‘बातमी पसरवणारी’ म्हणून. अशा बातमीदारांच्या गावांत दर महिन्याला लस घेणारी मुलं २२ टक्क्यांनी अधिक भरली. मध्ये एक शब्द पैशाचा खर्च नाही, दवंडी नाही, भिंतीवर घोषणा नाही. जिला आपण चोंबडी म्हणतो, तिला कॅम्पची तारीख सांगितली, एवढंच.

याच प्रयोगात आणखी एक गट होता, ‘ज्यांच्या सल्ल्यावर गावाचा विश्वास आहे’ अशा लोकांचा. लशीसारख्या नाजूक बाबतीत त्यांचा उपयोग सर्वांत जास्त होईल, असं मलाही वाचताना वाटलं होतं. पण आकड्यांत म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. विश्वासाचं माणूस विचारायला गेलं तर उत्तर देतं. बातमीदार बाई न विचारता सांगते. तारीख कळवायची असेल तर हा फरक मोठा आहे. पुढे या बातमीदारांच्या जोडीला पालकांना मोबाईलवर आठवण आणि दर लशीमागे फोनच्या रिचार्जचं छोटंसं बक्षीस, असं तिन्ही एकत्र केलं तेव्हा लशीकरण ४४ टक्क्यांनी वाढलं.

आपल्या महिला मंडळात आरोग्य तपासणी ठेवायची असते, शिवणवर्ग सुरू करायचा असतो, तेव्हा आपण काय करतो? अध्यक्षबाईंना सांगतो आणि पत्रक छापतो. त्याऐवजी भाजीवाली, धुणंभांडं करणारी आणि बालवाडीची सेविका, अशा तिघीचौघींना विचारून पाहा, ‘बाई, ही बातमी कुणाला सांगू?’ दोघी-तिघींच्या तोंडी एकच नाव आलं, की आधी तिच्याकडे चहाला जा.

पिशवीतले चेंडू

इथवर बातमीचं झालं. पण बातमी वेगळी आणि मत वेगळं. कॅम्प मंगळवारी आहे, ही बातमी. लस दिली की पोर आजारी पडतं, हे मत. मत कसं तयार होतं?

याचं एक जुनं गणित आहे. मॉरिस डीग्रूट नावाच्या अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञानं ते १९७४ साली मांडलं. गणित सोपं आहे: माणूस आपल्या आसपासच्या माणसांची मतं ऐकतो, त्यांची मनातल्या मनात सरासरी काढतो आणि ते आपलं मत म्हणून धरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकतो, पुन्हा सरासरी. असं होता होता सगळ्यांचं मत जुळत जातं. यात गफलत एकच आहे, आणि ती आपल्या रोजच्या अनुभवातली आहे.

समजा, दूधवाल्यानं तुमच्या वन्संना सांगितलं, की पलीकडच्या वाडीत लस घेतल्यावर एक पोर दगावलं. वन्संनी ते जाऊबाईंना सांगितलं आणि शेजारच्या काकूंना सांगितलं. संध्याकाळी जाऊबाई तुम्हाला तेच सांगतात, रात्री काकू सांगतात, उद्या वन्संही सांगतात. तुमच्या मनात तीन साक्षीदार उभे राहिले! प्रत्यक्षात साक्षीदार एकच, तो दूधवाला, आणि त्यानंही ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पराचा कावळा होतो तो प्रत्येकजण मीठमसाला लावतो म्हणूनच असं नाही. सगळ्यांनी अगदी शब्दाला शब्द खरं सांगितलं, तरी एकच पीस तीनदा मोजलं गेलं की कावळा होतोच.

पक्का हिशेबनीस असेल तो म्हणेल, थांबा, हिनं तिच्याकडून ऐकलं, तिनं त्याच्याकडून. तेव्हा हे सगळं मिळून एकच धरू. माणसं असा हिशेब ठेवतात की सरळ सरासरी काढतात? हे पाहायला अरुण चंद्रशेखर, होरासिओ लारेग्वी आणि हुआन पाब्लो शांद्री यांनी कर्नाटकातल्या १९ खेड्यांत ६६५ लोकांबरोबर एक खेळ खेळला. सात सात जणांचा गट. एका पिशवीत सात चेंडू. त्यांतले पाच निळे आणि दोन पिवळे, किंवा उलट. पिशवी कोणती, ते ओळखायचं. प्रत्येकाला एकदाच, दुसऱ्या कुणाला कळू न देता, एक चेंडू काढून दाखवला. मग फेऱ्या सुरू. प्रत्येक फेरीत आपला अंदाज सांगायचा, आणि ज्यांच्याशी आपली जोडणी आहे त्यांचा अंदाज काय तो पाहायचा. चेंडू कुणाचा कोणता, हे विचारायचं नाही. अंदाज बरोबर आला तर पैसे.

निकाल असा, की या खेड्यांत दहातले नऊजण सरासरी काढणारे निघाले आणि हिशेबनीस अवघा एक. हाच खेळ मेक्सिको सिटीतल्या एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी खेळला, तेव्हा तिथे निम्मे-निम्मे. शिकलेल्यांनी फार हुरळून जाऊ नये; निम्मे म्हणजे काही सगळे नव्हेत.

या खेळात एक गोष्ट दिसली ती जपून लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्यांची एकमेकांशी जोडणी बाहेरच्यांपेक्षा जास्त, अशा तिघाचौघांचा पहिला अंदाज एकसारखा चुकला, की ते त्यातून बाहेर निघत नसत. बाहेरून बरोबर उत्तर येत असे, पण घरातले तीन आवाज त्याला पुरून उरत. एका घरातल्या चार जावा, सोसायटीतल्या एका जिन्याच्या बायका, एकाच बाकावरचे निवृत्त सद्गृहस्थ, सगळ्यांचं हेच होतं. बाहेरचा माणूस खोटं बोलतो म्हणून नव्हे. आतला प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघून ‘हो, मलाही तसंच वाटतं’ म्हणतो म्हणून.

कुणाला काही शंका?

सगळ्यात वेगळा प्रयोग झाला तो ओडिशात, नोटाबंदीच्या धामधुमीत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या जुन्या नोटा बंद झाल्या. डाळीच्या डब्यात, साडीच्या घडीत ठेवलेले पैसे बाहेर काढून मोजताना किती बायकांना घाम फुटला असेल! नियम बदलत होते, आज एक, उद्या दुसरा. जुन्या नोटा खात्यात भरायची मुदत ३० डिसेंबर २०१६ पर्यंत होती, हेही पुष्कळांना धड ठाऊक नव्हतं.

दोनशेहून अधिक गावांत संशोधकांनी नियमांची पत्रकं वाटली. काही गावांत सगळ्या घरांना, काही गावांत फक्त पाच घरांना. शिवाय काही गावांत पत्रक कुणाकुणाला मिळालं आहे हे जाहीर केलं, काही गावांत केलं नाही. थोड्या दिवसांनी जाऊन पाहिलं: लोक यावर बोलले का, नियम कळले का, आणि त्याचा उपयोग करता आला का. उपयोगाची परीक्षा मोठी खाशी होती. बंद झालेली पाचशेची नोट आत्ता हातात घ्या, नाहीतर थोड्या दिवसांनी दोनशे रुपये किंवा दोनशेची डाळ मिळेल अशी चिठ्ठी घ्या. ज्याला मुदत ठाऊक, तो पाचशेची नोट घेऊन खात्यात भरेल. ज्याला धास्ती, तो दोनशेवर समाधान मानेल.

सगळ्या घरांना पत्रक दिलं आणि ‘सगळ्यांना दिलं आहे’ असं जाहीरही केलं, तिथे निकाल उत्तम यायला हवा, नाही का? झालं उलटंच. पाचच घरांना दिलं आणि ती पाच घरं कोणती ते गावाला सांगितलं, तिथे बोलणंही जास्त झालं, नियमही जास्त कळले आणि नोटही जास्त लोकांनी बरोबर निवडली.

कारण नियम नुसता वाचून कळत नाही, विचारावा लागतो. पाच घरांनाच पत्रक मिळालं असेल तर त्यांच्या दारात जाऊन ‘अहो, काय लिहिलंय त्यात?’ असं विचारायला संकोच वाटत नाही. आपल्याला मिळालंच नव्हतं! पण सगळ्यांना मिळालंय हे सगळ्यांना ठाऊक असेल, तर विचारणारी बाई आपलं अडाणीपण चव्हाट्यावर मांडते. ‘तुलाही दिलं होतं ना? वाचलं नाहीस?’ हे ऐकण्यापेक्षा ती गप्प बसते. सगळ्यांना पत्रक देऊन ते जाहीर केलं नाही, तिथे बोलणं बरं चाललं होतं. बोलणं बंद पाडलं ते ‘सगळ्यांना माहीत आहे’ या वाक्यानं.

वर्गात शिकवून झाल्यावर ‘कुणाला काही शंका?’ असं मी रोज विचारते आणि चाळीस माना खाली जातात. घंटा झाली की त्यांतलीच एखादी जिन्यात गाठून हळूच विचारते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही तेच. ‘गटावर टाकलंय’ म्हटलं की विषय संपला. आता विचारायचं म्हणजे आपण वाचलं नाही हे कबूल करायचं. म्हणून लशीच्या तारखा असोत, शाळेचे अर्ज असोत की विजेच्या मीटरचे नवे नियम असोत, सूचना गटावर जरूर टाकावी, पण सोबत लिहावं: ‘न समजल्यास अमक्या जिन्यातल्या अमुक ताईंना विचारा, त्या फॉर्म भरून आल्या आहेत.’ विचारायला एक दार मोकळं राहतं.

नकाशा पुन्हा काढला तेव्हा

कर्नाटकातल्या त्या गावांची गोष्ट मात्र कर्ज मिळालं तिथे संपली नाही. काही वर्षांनी संशोधक त्याच ७५ गावांत परत गेले आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले. कोण येतं-जातं, उसनं कुणाकडे मागता, सल्ला कुणाचा घेता. कर्ज पोचलेली ४३ गावं आणि न पोचलेली ३२ गावं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. या पाहणीचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला.

कर्ज पोचलेल्या गावांतल्या रेषा विरळ झाल्या होत्या. कर्ज घेणाऱ्या घरांचं समजू शकतं; कर्जाचे पैसे हाताशी आले की शेजारी उसनं मागायची गरज उरत नाही, आणि मागायला जाणं थांबलं की टेकायला, दोन शब्द बोलायला जाणंही थांबतं. हैदराबादच्या वस्त्यांमध्ये केलेल्या पाहणीतही असंच आढळलं. पण जी घरं कर्ज घेण्यासारखी नव्हतीच, त्यांच्याही रेषा कमी झाल्या होत्या. चार बायका ओट्यावर बसायच्या, त्यांतल्या दोघी येईनाशा झाल्या, मग उरलेल्या दोघींनाही तिथे येऊन बसण्यात काही राहिलं नाही, असं काहीसं ते झालं असावं असं संशोधकांचं म्हणणं आहे. ज्या बाईनं कर्जाचा अर्ज कधी केला नव्हता, संस्थेच्या माणसाचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, तिला उसनं मागायची आणि सल्ला विचारायची घरं आता पहिल्यापेक्षा कमी उरली होती.